इशाऱ्याची दोरी

मार्चमधल्या त्या सकाळी ऊन आधी तेलगिरणीच्या धुराड्यावर आलं. धुराडं जुनं, विटांचं. त्याच्या फुटक्या कडेवर ते थोडा वेळ रेंगाळलं आणि मग रोजच्या सवयीनं खाली उतरू लागलं. पत्र्याच्या छपराच्या पन्हाळ्या एकीआड एक उजळल्या. छपराखाली रचलेल्या शेंगदाणा पेंडीच्या पोत्यांवरची धूळ इतका वेळ राखाडी होती, ती पिवळी झाली. पोत्यांवर एक कोंबडी बसली होती. उन्हाचा काठ तिच्यापाशी आला तेव्हा तिनं एक पाय वर उचलला, क्षणभर तसाच धरला आणि पुन्हा खाली ठेवला. तिथून ऊन अंगणातल्या फरशीवर आलं. फरशीवर वर्षानुवर्षांचे तेलाचे डाग होते. त्या प्रत्येक डागाला हिरवट-जांभळी किनार उमटली. मग विहिरीचा कठडा. कठड्यावर कुणीतरी एक पितळी तांब्या विसरलं होतं. त्याच्या पोटावर धुराडं, छप्पर आणि फाटकाशी जमलेली माणसं, सगळी इवलीशी आणि वाकडी दिसत होती. शेवटी ते माझ्यापर्यंत पोहोचलं. माझ्या तळहातांवर ऊन पडलं आणि तळव्यांतले लाल वळ, त्यांत साचलेला घाम, बोटांच्या पेरांत अडकलेले अंबाडीचे तंतू हे सारं मला स्वच्छ दिसलं.

त्यात विशेष असं काहीच नव्हतं. असं ऊन रोज येतं. पण गेली नऊ वर्षं डोळे मिटले की मला तेच ऊन दिसतं, त्याच क्रमानं, कोंबडीच्या त्या उचललेल्या पायासकट. त्या वेळी विहिरीत अंधार होता, आणि त्या अंधारात तांडेल केरबा सुतार होते.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. शहराच्या अग्निशमन दलात भरती होऊन दुसरं वर्ष चाललं होतं. तांडेल म्हणजे बंबावरचा प्रमुख. आग असो, विहीर असो, कोसळलेली भिंत असो, आत पहिलं पाऊल त्याचं. केरबा सुतारांना सगळं केंद्र नाना म्हणत असे. पन्नाशी उलटलेले, बुटके, रुंद खांद्यांचे. दलात त्यांची खरी ओळख मात्र दोरीच्या धड्यासाठी होती.

नव्या भरतीच्या पहिल्याच आठवड्यात हा धडा होई. केंद्राच्या मागच्या भिंतीला एक भोक होतं. आम्हांला ओळीनं उभं करून आमच्या डोळ्यांवर पट्टी बांधली जाई. भोकातून बोटाएवढ्या जाडीची दोरी बाहेर आलेली असे, आणि भिंतीपलीकडे तिचं दुसरं टोक धरून नाना बसलेले असत.

"एक हिसका?" पलीकडून आवाज येई.

"मी ठीक आहे."

"दोन?"

"ढील द्या."

"तीन?"

"वर घ्या."

"आन् हातमोजा घालून दोरी धरलीस तर?"

"कळणार नाही, नाना."

"आन् हात दुखाय लागलं म्हणून खांबाला गुंडाळलीस तर?"

आमच्यातला एकजण म्हणाला, "मग सुटायची भीती नाही, नाना."

भिंतीपलीकडून हसू ऐकू आलं. "सुटायची न्हाई, खरं हाय. पर खांबाला नाडी कळत न्हाई. खाली माणूस हाय, लेका, म्हस न्हाई, बांधून ठेवून चहा प्यायला."

त्या पट्टीआडच्या काळोखात मला नानांचे हिसके सगळ्यांत आधी कळत. इतके हलके, की शेजारच्याला वाटे दोरी हललीच नाही. धडा संपल्यावर नानांनी माझी पट्टी सोडली आणि ते म्हणाले, "हे पोरगं दोरीवर ठेवा. कमी बोलणारा माणूस दोरीला बरा."

आमचे ड्रायव्हर दस्तगीर जमादार बंबाच्या पायरीवर बसून बिडी ओढत होते. ते म्हणाले, "बोलत न्हाई म्हंजे ध्यान देतंय आसं नसतं, नाना. ह्याला सायलेन्सर बसवलाय नुसता. आत गाडी कुठं चाललीया ते त्याचं त्यालाच ठावं."

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या संध्याकाळी मी घरी गेलो तो एखादी मोठी पदवी मिळाल्यासारखा. आयुष्यात पहिल्यांदा माझं अबोल असणं कुणाच्या तरी उपयोगी पडणार होतं.

वर्दी आली तेव्हा पावणेसात झाले होते. तेलगिरणीच्या विहिरीतला गाळ काढायला दोन कामगार उतरले होते. पाणी उपसण्यासाठी डिझेलचं इंजिन दोरखंडानं आत सोडून विहिरीतल्या टप्प्यावर ठेवलेलं. ते पहाटेपासून चालू होतं आणि त्याचा धूर वर न येता तळाशी साचत गेला होता. वरून हाका मारून उत्तर येईना तेव्हा गिरणीच्या मुकादमानं फोन केला.

आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिन बंद पडलेलं होतं. विहीर चाळीस फूट खोल. नानांनी पाठीवर हवेची टाकी चढवली, मुखवटा गळ्यात अडकवला. माणसं वर खेचायला जाड दोरखंड होता. तो कठड्याशी रोवलेल्या खांबांवरच्या रहाटावरून घेऊन दस्तगीरचाचा आणि गिरणीचे चार हमाल उभे राहिले. बारीक दोरी, इशाऱ्याची, नानांच्या कमरेला बांधलेली, तिचं दुसरं टोक माझ्या हाती आलं.

"श्रीरंग," नाना म्हणाले, "दोरी तुझी. माणसांकडं बघू नगंस. विहिरीकडंबी बघू नगंस. दोरीकडं बघ."

"होय, नाना."

"आन् लघवीला लागली आसंल तर आत्ताच जाऊन ये."

"नाही, नाना."

"बघा, नाना," दस्तगीरचाचा म्हणाले, "आज चक्क चार शबुद बोललं पोरगं. खाली जावा बिनघोर."

नानांनी मुखवटा तोंडावर ओढला आणि ते खाली गेले.

पहिली दहा मिनिटं माझ्या आयुष्यातली सर्वांत निर्दोष मिनिटं होती. मी दोरी इतकी घट्ट धरली होती की तळवे सोलवटले. एक हिसका आला. मग पुन्हा एक. मग बराच वेळ काही नाही, आणि मग तीन, सावकाश, स्पष्ट, धड्यातल्यासारखे.

"वर!" मी ओरडलो. माझाच आवाज मला परका वाटला.

दोरखंड ताणला गेला. नानांनी बांधून पाठवलेला पहिला कामगार वर आला. त्याचं अंग चिखलानं काळं झालं होतं, ओठ निळे पडले होते. फरशीवर ठेवल्यावर तो खोकला. कुणीतरी मोठ्यानं रडलं. त्याची बायको गर्दीतून धावत आली आणि समोर पहिला जो गणवेश दिसला त्याच्या पायांवर पडली. तो गणवेश माझा होता. "देवा, माझ्या देवा," ती म्हणत होती. काय करावं ते मला कळेना. दस्तगीरचाचांनी तिला उठवलं, स्ट्रेचरचं एक टोक स्वतः धरलं आणि ते रुग्णवाहिकेकडे पळाले. सारी गर्दी त्यांच्यामागून फाटकाकडे गेली. हमालांनी दोरखंडाचं टोक नानांसाठी पुन्हा खाली सोडलं आणि तेही पाठमोरे होऊन फाटकाकडे पाहत राहिले. अंगणात एकाएकी शांतता पसरली.

खाली नाना दुसऱ्याला शोधत होते. सिद्राम त्याचं नाव, वय बावीस. तो गाळात अर्धा रुतला होता, हे नंतर समजलं.

यापुढचं मी चौकशीत सांगितलं, ते असं. पाच-सहा मिनिटं दोरी शांत होती. मग दोन हिसके आले. दोन म्हणजे ढील द्या. मी दोन हात दोरी सोडली. त्यानंतर काही आलं नाही. दस्तगीरचाचा परत आले, त्यांनी कठड्यावरून बॅटरीचा झोत टाकला, तेव्हा नाना पाण्यात आडवे दिसले. सिद्रामनं अर्धवट शुद्धीत त्यांना मिठी मारली असावी. मुखवटा निघून एका बाजूला लोंबत होता.

दुसरी टाकी लावून आमचा आणखी एक जवान उतरला. दोघांनाही वर काढलं. सिद्राम गेला होता. नाना वाचले. ते अकरा दिवस इस्पितळात होते.

चौकशी केंद्रातल्याच खोलीत झाली. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "किती हिसके?"

"दोन."

"खात्री आहे?"

"होय, साहेब."

त्यांनी लिहून घेतलं. मग नानांना बोलावलं. नाना भिंतीचा आधार घेत आत आले. त्यांचा उजवा हात तेव्हापासूनच किंचित थरथरू लागला होता.

"तांडेल, तुम्ही किती हिसके दिले?"

नाना म्हणाले, "हात हलवल्यालं आठवतंय, साहेब. किती बार, ते न्हाई आठवत." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात कसलाही संशय नव्हता. "पोरगं दोन म्हणतंय न्हवं? मग दोनच आसतील. त्याच्या हाताला चुकत न्हाई."

अहवालात लिहिलं गेलं: घुसमटलेल्या अवस्थेत तांडेलांकडून चुकीचा इशारा दिला गेला. शिक्षा कुणालाच झाली नाही. नानांना वर्दी घ्यायला फोनवर बसवलं. नव्या भरतीला दोरीचा धडा द्यायला ते पुन्हा कधी भिंतीपलीकडे बसले नाहीत. त्या भिंतीवर आता एक छापील तक्ता लावलेला आहे: एक, दोन, तीन, आणि प्रत्येकासमोर त्याचा अर्थ.

मी पुढे बढत्या घेत गेलो. एकांतात स्वतःला एकच प्रश्न विचारत आलो: दोन होते की तीन? मी तो प्रश्न इतक्या प्रामाणिकपणे विचारत असे की विचारता विचारता डोळे भरून येत. प्रश्न विचारत राहण्यातही एक आडोसा असतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

गेल्या मार्चमध्ये नवी तुकडी भरती झाली आणि तिचं प्रशिक्षण माझ्याकडे आलं. साहेब म्हणाले, "तक्ता दाखवून दोरी शिकवता येत नाही हो. नानांना आणा. तुमचं ऐकतील." मला ते पटलं. खरं तर मला त्यात एक सुटका दिसली. नाना पुन्हा भिंतीपलीकडे बसले, पोरांनी पुन्हा डोळ्यांवर पट्टी बांधली, की सारं पूर्ववत होईल. कुणी कुणाला काही सांगण्याची गरजच उरणार नाही.

नाना निवृत्त होऊन शहराबाहेर आपल्या गावच्या घरी राहत होते. मी गेलो तेव्हा ते ओसरीत बसून बाज आवळत होते. सैल पडलेली सुंभाची दोरी एकेक पदर ओढून घट्ट करायची, पुढे सरकायचं. हात थरथरत होता, पण पदर चुकत नव्हता.

"आलास व्हय, सायलेन्सर!" त्यांचा चेहरा उजळला. "बस. साहेब झालास म्हणं."

काकू दारात आल्या. "बरं झालं आलासा. जरा सांगा ह्यास्नी. झोपंत हात हलवत्यात. म्हशीचं दावं वडत्यात आन् तिलाच इचारत्यात, किती बार वडलं गं? ती बिचारी हंबारती."

"ती तरी खरं सांगंल," नाना हसत म्हणाले. "तिला अहवाल लिहायचा न्हाई."

मी हसलो नाही. साहेबांचा निरोप सांगितला. नानांचा हात थांबला, पुन्हा चालू झाला.

"मी काय शिकवू, श्रीरंग? शेकड्यानं पोरांस्नी तीन शिकवलं. आन् ऐन टायमाला माझ्याच हातनं दोन गेलं."

"नाना, त्या धुरात कुणाचंही भान..."

"सिद्रामचा बाप मला बाजारात भेटतो," ते म्हणाले. "आठवड्याला भेटतो. कायबी बोलत न्हाई. हात जोडतो आन् फुडं जातो. त्येनं एक शिवी द्यावी, न्हाई तर थुंकावं. पर हात जोडतो, माझ्यामुळं पोरगं गेलं तरी." त्यांनी एक पदर ओढला. "तीन दिलं आसतं तर तुम्ही दोघांस्नीबी वर घेतलं आसतं. एवढाच हिशेब हाय बघ."

नाना पुढच्या पदराकडे सरकले.

"मला एक सांग," ते एकदम म्हणाले. "त्या टायमाला वर काय चाललं हुतं? मी खाली हुतो. मला नुसता काळोख दिसतोय, नऊ वरसं झाली. कुणी सांगितलंच न्हाई की वर काय हुतं."

मी, जो कुणाशी धड दोन वाक्यं बोलत नाही, तो बोलू लागलो. त्यांना काहीतरी द्यावं असं मला मनापासून वाटलं, आणि माझ्याजवळ देण्यासारखं खरं असं तेवढंच होतं. मी त्यांना धुराड्यावर आलेलं ऊन सांगितलं. छपराच्या पन्हाळ्या सांगितल्या, पेंडीच्या पोत्यांवरची धूळ, तेलाच्या डागांच्या किनारी सांगितल्या. तांब्याच्या पोटावर दिसणारी वाकडी माणसं सांगितली. नाना डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचे ताण एकेक करून सुटत गेले आणि मला वाटलं, त्या विहिरीत आज पहिल्यांदा उजेड पोहोचतो आहे. मी शेवटापर्यंत सांगितलं. हातांवर ऊन पडलं तिथपर्यंत. तंतूंपर्यंत.

नानांनी डोळे उघडले.

"कोंबडीनं पाय उचलला."

"होय."

"आन् मग खाली ठेवला, ते बघितलंस."

"होय, नाना."

"आन् मग तळहातावर ऊन पडलं."

"होय."

"दोन्ही?"

आतून काकूंनी विचारलं, "गुळाचा च्या चालंल न्हवं त्यास्नी?"

नानांनी बाजेच्या दोरीचं मोकळं टोक उचललं आणि माझ्या हातात दिलं. "डोळं मीट," ते म्हणाले. मी मिटले. ते ऊन लगेच आलं, धुराड्यापासून. मग दोरी हलली. हलकी, इतकी हलकी की शेजारच्याला कळलं नसतं.

"किती?"

"तीन."

"जोरात दिलं?"

"नाही. अगदी हळू."

"माझा हात आता निम्मासुद्धा ऱ्हायला न्हाई. तरी कळलं."

"कळलं, नाना."

मी डोळे उघडले. नाना बाजेवर दोन्ही हात टेकून माझ्याकडे वाकले होते. त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूसही नव्हता. तिथं जे होतं ते रागापेक्षा सोसायला कठीण होतं: परीक्षेच्या निकालाच्या दिवशी लहान पोराच्या तोंडावर असते तशी आशा.

"मग आता सांग," ते म्हणाले. "त्या दिवशी मी किती दिलं हुतं? दोन का तीन?"

त्यांना एक आकडा हवा होता. तीन म्हणणं सोपं होतं. तीन म्हटलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे येऊन बसले असते, सिद्रामच्या बापासमोर ताठ मानेनं उभे राहिले असते, आणि मीही मोठ्या मनानं आपली चूक कबूल करणारा माणूस ठरलो असतो. शब्द ओठांपर्यंत आला होता. पण माझ्या मुठीत अजून त्यांच्या तीन हिसक्यांची थरथर होती, आणि तसं काहीही, दोनदा नाही, तीनदा नाही, एकदाही, त्या सकाळी त्या उन्हात माझ्या हाताला जाणवलं नव्हतं.

"मला माहीत नाही, नाना," मी म्हणालो. "दोरी खांबाला होती."